बोट उठत नव्हती, मी इंजिन खोलायला निघालो होतो : मालवणातल्या आउटबोर्ड मेस्त्रींचा रिव्ह्यू

साडेचार स्टार देतोय. अर्धा कशाला कापला ते पुढे येईलच, आधी झालं काय ते सांगतो, कारण ज्यांच्याकडे आउटबोर्डवाली (मागे बाहेरून इंजिन लावलेली) बोट आहे आणि वेगाची लिव्हर पूर्ण पुढे ढकलली तरी बोट नाक वर करून म्हशीसारखी पाण्यात बसून राहते त्यांना यातलं काहीतरी नक्की कामाला येईल. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

आमची बोट १९ फुटी फायबर, मागे ६० एचपीचं टू-स्ट्रोक, तीन सिलिंडर, तीन कार्ब्युरेटर. दोन वर्षांपूर्वी गोव्यातून सेकंड हँड घेतली. देवबागला कर्लीच्या खाडीत नांगरलेली असते आणि धंदा म्हणजे तोच आपला, सकाळी डॉल्फिन, मग संगम, मग त्सुनामी आयलंडवर सोडा आणि आणा. मागच्या सीझनला चार-पाच माणसं घ्यायचो तेव्हा ठीक चालायची, म्हणजे तेव्हाही रॉकेट नव्हती पण तक्रार नव्हती. पावसाळ्यात, म्हणजे २६ मे ते ३१ ऑगस्ट वॉटरस्पोर्ट्स बंद असतं त्या काळात, मी जरा हौस केली. वर उन्हासाठी कनॉपी बसवली, मागे पॅसेंजरला चढायला स्टीलची शिडी लावली, परवाना सहा पॅसेंजरचा करून घेतला. इंजिन उतरवून शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिसवाल्याकडे पाठवलं (नाव नाही टाकत, भांडणं नकोत), म्हणलं एकदाच सगळं नीट करून टाकू.

इंजिन आलं चकाचक, वर स्टिकर पण नवीन लावला होता. बिल १४,२००. कार्ब्युरेटर सर्व्हिस, नवीन प्लग, नवीन इम्पेलर, नवीन थ्रॉटल केबल, गिअर ऑइल. सगळं व्यवस्थित लिहिलेलं.

१ सप्टेंबरला सीझन चालू झाला आणि पहिल्याच ट्रिपला सहा पॅसेंजर, मी आणि भाचा, लिव्हर पुढे केली आणि बोट उठेचना. उठणं म्हणजे काय ते आपल्या लोकांना माहितीये, पण नवीन कोणी वाचत असेल तर सांगतो. सुरुवातीला बोट पाणी ढकलत ढकलत चालते, नाळ (पुढचं टोक) वर आणि मागची बाजू खाली, मग एका वेगाला ती स्वतःच्याच लाटेवर चढते, नाळ खाली येते, आणि तिथून पुढे पाण्यावरून घसरल्यासारखी पळते. ते चढणं व्हायला आम्हाला १६-१७ सेकंद लागत होते आणि पाचातल्या दोन वेळा तर ती चढतच नव्हती. पुढे बसलेल्या माणसाला समोर फक्त आभाळ दिसायचं. मला सुकाणूवर उभं राहून मान लांब करून बघायला लागायचं की पुढे जाळ्याचा बोया बिया आहे का, कारण नाळ वर असली की समोरचं काही दिसत नाही, आणि हे धोक्याचं आहे, नुसतं वेळेचं नुकसान नाही. पेट्रोलचं तर विचारूच नका, ज्या चार फेऱ्या एका टाकीत व्हायच्या तिथे तीन व्हायला लागल्या.

सर्व्हिसवाल्याला फोन केला. तो म्हणाला, साहेब इंजिन जुनं झालंय, रिंगा गेल्या असणार, पाठवून द्या, बोअर करून पिस्टन-रिंग टाकून ३८ हजारांत करून देतो. न बघता. फोनवर! आणि खरं सांगायचं तर मी पाठवणार होतो. दिवाळी तोंडावर, डोकं चालत नव्हतं, टेम्पोवाल्याला पण बोलून ठेवलेलं.

मग दांडी किनाऱ्यावरच्या एका रापणवाल्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या) काकांनी सांगितलं की पाठवण्याआधी एकदा मेस्त्रीला दाखव. हे मेस्त्री म्हणजे मालवणात बंदराच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड आहे, बोर्ड नाही, बाहेर दोन जुन्या इंजिनांचे सांगाडे आणि एक पाण्याचा निळा ड्रम, तेवढी खूण. मॅपवर टाकू नको असं त्यांनीच बजावलंय, म्हणून नाव-नंबर देत नाही. जेटीवर कोणालाही विचारा, आउटबोर्डवाले मेस्त्री खय म्हणून, पोरगं सुद्धा आणून सोडेल. आधी मच्छीमारांचीच इंजिनं करायचे, आता अर्धं काम टुरिस्ट बोटींचं.

मी गेलो आणि नेहमीप्रमाणे सगळं एका दमात सांगायला सुरुवात केली, रिंगा, बोअर, ३८ हजार. त्यांनी हात वर केला. म्हणाले, "इंजिन रेस होता पण होडी धावणा नाय, की रेसच होणा नाय? ता आधी सांग."

मला उत्तरच देता येईना. दोन वर्षं बोट चालवतोय आणि हे कधी बघितलंच नव्हतं. डॅशवर आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा) काटा आहे, पण तो शोभेचा समजायचो.

तर सगळी गोम इथेच आहे आणि मला वाटतं या माणसाला पैसे द्यायचे ते या एका प्रश्नाचे. फुल थ्रॉटलला, म्हणजे लिव्हर पूर्ण पुढे केल्यावर, इंजिन भन्नाट फिरतंय, काटा वर गेलाय, पण बोट जागची हलत नाही, तर ताकद आहे पण ती पाण्यापर्यंत पोचत नाहीये. मग बघायचं पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे. पंख्याच्या आत रबराचा बुश असतो, खडकाला आपटला तर गिअर वाचावेत म्हणून, तो सुटला की आतला भाग फिरतो आणि पाती मागे राहतात. किंवा पंखा हवा ओढतोय. उलट, लिव्हर पूर्ण पुढे आणि काटा वरच जात नाही, तर एक तर इंजिनाची ताकद कमी पडतेय (पेट्रोल, हवा, करंट यातलं काहीतरी) किंवा त्याच्यावर ओझं जास्त आहे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात फुल थ्रॉटलला किती आरपीएम यायला हवेत ते छापलेलं असतं, माझ्या इंजिनाचं ४५०० ते ५५०० आहे. आणि हे बघायचं रोजच्या वजनात. एकटा माणूस घेऊन ट्रायल मारली तर सगळंच छान दिसतं. शहरातल्यांनी बहुतेक ड्रममध्येच चालवून बघितलं असणार, तिथे कसलं वजन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवबागला आले, स्कूटरवर, डिकीत एक डबा आणि काखेत पिशवी. "इंजिन खोलूक दोन मिन्टा लागतत, परत बसवूक दोन दिवस," म्हणाले, आणि कव्हरला हातच लावला नाही. भाच्याला पाठवून वाडीतली पाच पोरं बोलावली, सगळ्यांना लाईफ जॅकेट, आणि गेलो खाडीत.

जायच्या आधी त्यांनी दोन कामं केली. एक म्हणजे काळ्या मार्करने पंख्याच्या मधल्या नळीवर आणि बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ रेघ मारली, बुश सरकला तर परत आल्यावर रेघ तुटलेली दिसणार. पाच रुपयांचा मार्कर! दुसरं म्हणजे टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघितला. तो बंद राहिला तर टाकीत हवा जात नाही, इंजिन पेट्रोल ओढतं आणि मधल्या पाइपवरचा, हाताने दाबून पेट्रोल चढवायचा रबरी बल्ब आंब्याच्या बाठीसारखा चपटा होतो. माझा उघडा होता, देवाची कृपा.

पाण्यात गेल्यावर लिव्हर पूर्ण पुढे. ३७००. काटा तिथेच अडकला, नाळ वर, बोट कण्हतेय. मेस्त्रींनी भाच्याला सांगितलं, बल्ब दाबत राह. कारण पेट्रोल कमी पोचत असेल, पंपाचा पडदा गेला असेल किंवा पाइप आतून सोलला असेल, तर हाताने बल्ब दाबला की इंजिन लगेच उसळी मारतं. भाचा दाबतोय दाबतोय, काटा ढिम्म. म्हणजे पेट्रोलच्या पुरवठ्याचा संशय बराचसा गेला. मग त्यांनी मला विचारलं की ट्रिम (इंजिनाचा वर-खाली कल) कुठेय. मी म्हणलं थोडं वर ठेवलंय, संगमाजवळ रेती फार आलीये म्हणून. "आता आपण रेतीवर आसव?" बरोबर, खोल पाण्यात होतो. सवयीने वर ठेवलेलं. इंजिन वर उचललेलं असलं की पंखा पृष्ठभागाच्या जवळ येतो, वरून हवा ओढतो आणि जोर मागे न लागता बोटीचं नाक आणखी वर ढकलायला जातो. निघताना पूर्ण खाली घ्यायचं, बोट उठली की मग हळूहळू वर. हे मला माहिती होतं आणि तरी करत नव्हतो, त्यामुळे गप्प बसलो. पूर्ण खाली घेतल्यावर उठायला १६ चे १३ सेकंद झाले. काटा मात्र ३७००च.

किनाऱ्याला आलो, रेघ बघितली, जुळलेली. बुश ठीक.

आता कव्हर काढलं. मला वाटलं आता प्लग, मग कार्ब्युरेटर. नाही. इंजिन बंद, चावी त्यांच्या खिशात, आणि मला म्हणाले जा, लिव्हर पूर्ण पुढे कर आणि धरून ठेव. स्वतः मोबाईलचा टॉर्च लावून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत बसले. मग बोट घातलं (हाताचं, बोटीचं नाही) आणि आतली झडप ढकलली. टक. अजून उघडली. परत सोडली, परत ढकलली, टक. "हो बघ तुझो रोग."

मी मागे जाऊन बघितलं. लिव्हर शेवटपर्यंत पुढे, आणि कार्ब्युरेटरच्या आतली पत्र्याची गोल झडप जी पूर्ण उभी व्हायला पाहिजे ती पाऊण उघडून तिरकी थांबलेली. तिन्हीकडे तसंच, कारण तिन्ही एकाच दांडीला जोडलेल्या. नवीन केबल टाकली ना, तिचं टोक जिथे स्क्रूवर फिरवून लांबी सेट करतात तिथे ते पाच-सहा आटे कमी पडलेलं. आणि असल्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये नुसती हवा-पेट्रोल नाही, त्याच दांडीबरोबर स्पार्कचं टायमिंग पण पुढे सरकतं, त्यामुळे तिथेही मार. "तुझा इंजिन आजारी नाय रे, तेका अर्ध्या पोटी ठेवल्यानी हा."

१४,२०० रुपये बिल, आणि नवीन केबलनेच घात केला. बरं, यात वाईट नियत नाही कोणाची, मला वाटतं केबल टाकली, लिव्हर हलली, इंजिन हललं, झालं. पण शेवटी एकदा फुल करून आत डोकावायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून बघितलं नाही पण दोन मिनिटं सुद्धा नसतील.

केबल सेट केली. त्यात पण घाई नाही. आधी न्यूट्रल बघितलं की आयडलला झडप पूर्ण बंद होतेय ना, मग फुल, मग परत न्यूट्रल, असं सात-आठ वेळा, कारण जास्त ओढून ठेवली तर बोट न्यूट्रलला पण रेस होणार. मग त्यांनी माझ्या समाधानासाठी प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते गेजवर बघितलं. तिन्ही सिलिंडर, ११८, १२१, ११७. आकडा किती आला यापेक्षा तिन्हींत फरक किती आहे ते बघायचं म्हणाले, दहा टक्क्यांच्या आत असेल तर शांत झोप. माझ्या रिंगा चांगल्या आहेत. ३८ हजार वाचले ते इथे, एका गेजवर.

परत पोरं बसवली. ४३००. बरं वाटलं, मी तर लगेच पाकीट काढायला लागलो. पण मेस्त्री मान हलवत होते, पुस्तकात ४५०० पासून पुढे लिहिलंय ना, मग ४३०० वर खूश का व्हायचं.

पंखा काढला. त्यावर नंबर ठोकलेला असतो, पाण्याचा गंज खरवडून बघितला तर पिच १४. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी घट्ट असतं तर, किती इंच पुढे गेला असता तो आकडा. गोव्याच्या आधीच्या मालकाने बोट दोन-तीन माणसं घेऊन पळवायला ठेवलेली, त्याला १४ बरोबर. मी त्याच पंख्यावर आठ माणसं आणि कनॉपी ओढतोय, म्हणजे भरलेला टेम्पो चौथ्या गिअरमध्ये घाटात चढवतोय असं समजा. एक इंच पिच कमी केलं की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. त्यांच्याकडे ११ पिचचा जुना अॅल्युमिनियमचा पंखा होता, पातीच्या कडा घासून सरळ केलेला, माझा १४ घेऊन वर ६,५०० मागितले. मी म्हणलं काकानू, नवीन टाकूया का. म्हणाले, आधी जुना लावून बघ, बरा वाटलो तर मगे पुढच्या वर्साक नवीन घे, पैसे खय पळान जातत? धंद्याचा माणूस नवीन विकायला नाही म्हणतो हे मी तरी पहिल्यांदा बघितलं.

आणि हो, जुन्या पंख्यामागे शाफ्टला मासेमारीची तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळलेली निघाली, चांगली हातभर. ती सील कापते, आणि सील गेलं की गिअर ऑइलमध्ये पाणी जातं, दुधाचा चहा दिसतो तसं ऑइल होतं. माझं वाचलं होतं, ऑइल स्वच्छ. त्यांनी सांगितलं महिन्यातून एकदा पंखा काढून बघत जा, आपल्या खाडीत तंगूस फुकट मिळते.

तिसरी ट्रायल, ४८००. आणि बोट उठली, आठ सेकंदात. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मला वाटलं संपलं. पण परत येताना मेस्त्री मागच्या बाकावर बसून पायाने फळीवर ठोकत होते, टाचेने, टक टक, थोडं मागे सरकून परत, थप थप. आवाज बदलला. म्हणाले बोट रेतीवर घे. ओहोटीला वर ओढली, मागच्या बाजूचा ड्रेन प्लग काढला तर थोडंसंच आलं, ते नेहमीचं. मग डेकवरची छोटी गोल झाकणी काढून पंपाने ओढलं तर चार बादल्या आणि वर थोडं. १५ लिटरची बादली, म्हणजे ६० लिटरच्या वर खारं पाणी डेकखाली, आणि खारं पाणी गोड्यापेक्षा जडच. एक अख्खा माणूस. "फुकटचो पॅसेंजर," म्हणाले, "तिकीट काढल्यान काय?" आणि तो बसलेला सगळ्यात मागे, जिथे वजन नकोच.

पाणी आलं कुठून? माझी शिडी. चार बोल्ट, चार भोकं, आणि मी सिलिकॉन लावलेलं ते घरातल्या नळाला लावतात ते. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. बोल्ट काढून मरीन सीलंट लावून परत बसवले, ते काम मी आणि भाच्याने केलं, त्यांनी फक्त उभं राहून नावं ठेवली.

तळ पण बघून घेतला. खाडीत नांगरून ठेवलेली बोट म्हणजे शेवाळ आणि मागच्या भागात बारीक बारीक शिंपले धरलेले. हाताला खडबडीत लागलं तर पाण्याला पण लागतं. दोन तास पत्र्याने आणि काथ्याने घासलं, कंबर गेली.

शेवटचा आकडा, सहा वाडीतली पोरं, मी, भाचा, कनॉपी : ५०००च्या थोडं वर, उठायला साडेसहा सेकंद. सतराचे साडेसहा. आणि इंजिनाच्या आतला एक सुटा भाग पण बदललेला नाही.

पेट्रोलचं राहिलं. त्यांनी पहिल्याच दिवशी टाकीच्या तळातलं पेट्रोल पाण्याच्या पारदर्शक बाटलीत काढून कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं. संध्याकाळी बघितलं तर खाली वेगळा थर, बोटभर. पावसाळाभर अर्धी टाकी तशीच ठेवली होती मी. आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा पितं, एका मर्यादेनंतर पाणी घेऊन तळाला बसतं. पाइप तळातूनच ओढतो, आणि आपली हवा कशी आहे जुलैमध्ये, चादर पण सुकत नाही. हे माझ्या बोटीच्या मंदपणाचं मुख्य कारण नव्हतं, पण दिवाळीत भर समुद्रात बंद पडायचं कारण नक्की झालं असतं. १२ लिटर बाजूला काढलं, टाकी धुतली, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. सीझन संपला की टाकी रिकामी करून ठेव म्हणाले. आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल मोटारसायकलचं टूटी (2T) न घालता मरीनचं घाल, एका लिटरला २० मिली मोजून, अंदाजपंचे नाही.

आता पैसे. मजुरी तीन ट्रायल, केबल, कॉम्प्रेशन, सगळं मिळून १,८००. पंखा ६,५००. फिल्टरचे वेगळे. ट्रायलला पेट्रोल माझं जळलं ते मजुरीपेक्षा जास्त असेल, ते वेगळं.

आता अर्धा स्टार. फोन उचलत नाहीत. म्हणजे उचलतच नाहीत, दहातला एक. दुपारी एक ते चार शेड बंद, बाहेर कितीही मोठा टुरिस्ट ग्रुप खोळंबलेला असो. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर आकडा लिहून देतात, मला हिशेबाला लागतं, दोनदा सांगितलं, हसले. फिल्टर यायला पाच दिवस लागले, तोवर शनिवार-रविवार गेला, माझ्या आठ-दहा फेऱ्या बुडाल्या. नवीन सीटवर ग्रीसचे हात पुसले, तो डाग अजून आहे, बायको रोज दाखवते. आणि तोंड! सगळ्या वाडीसमोर मला विचारलं की होडी चालवतोस की ढकलतोस. फोर-स्ट्रोक इंजेक्शनवालं नवीन इंजिन असेल तर यांच्याकडे जाऊन उपयोग नाही, कॉम्प्युटर लावायचं मशीन नाहीये, ते स्वतःच सांगतात बाहेर ने म्हणून. इंजिन गरम होऊन आपोआप वेग तोडतंय वगैरे असले प्रकार नवीन इंजिनात सेन्सर करतो, ते तिकडेच बघावं लागतं.

अजून एक, ११चा पंखा लावल्याचा तोटा पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं कौतुक केलं. एकटा असताना बोट आधी ताशी ४६ जायची, मोबाईलच्या जीपीएसवर, आता ४१च्या पुढे जात नाही. आणि रिकाम्या बोटीत लिव्हर पूर्ण पुढे केली की काटा ५५००च्या वर जायला बघतो, ते इंजिनाला चांगलं नाही, म्हणून रिकामं परत येताना थोडी मागे घ्यायची असं त्यांनी बजावलंय. मला चालतं, माझा धंदा पॅसेंजर नेण्याचा आहे, शर्यतीचा नाही. तुम्ही दोघं-तिघंच गरवायला (गळाने मासे धरायला) जात असाल तर १४च बरा.

शहरातल्या सर्व्हिसवाल्याला मी केबलचा फोटो पाठवला. बघितल्याच्या निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

कोणी जाणार असाल तर सकाळी आठच्या आधी जा, इंजिन उतरवून नेऊ नका, ते बघणार नाहीत, बोट पाण्यात लागते. टाकीत ताजं पेट्रोल घाला, रोज नेता तेवढी माणसं बोलावून ठेवा, आणि आरपीएमचा काटा चालत नसेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला माझ्यासारखे तोंडावर पडाल.